लाल गोळ्या उकिरड्यावर का जातात?

मंडळी, विषय जरा अवघड आहे. चारचौघांत बोलला जात नाही म्हणूनच इथे लिहितेय. पोस्ट लांब आहे, पण घरात कुणी गरोदर असेल तर पूर्ण वाचा. पुरुषांनी तर वाचाच.

सरकारी दवाखान्यातून गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा १८० लोहाच्या लाल गोळ्या फुकट मिळतात. बाळंतपणानंतर आणखी १८०. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक अॅसिड. योजना चांगलीच आहे, त्यात वाद नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं, आणि गरोदरपणात १८० दिवस गोळ्या घेतलेल्या आया जेमतेम २६ टक्के.

मीटिंगमध्ये याचं उत्तर ठरलेलं असतं, "बायका गोळ्या खात नाहीत हो, जनजागृती कमी पडते." मग पोस्टर लागतं, रांगोळी स्पर्धा होते. कधी कधी गोळ्याच आलेल्या नसतात, तो भाग वेगळा. पण ज्यांच्या हातात गोळी पडते त्या बायांना कुणी निवांत बसून विचारलंय का? आशाताईंना विचारा. त्या सांगतील, "ताई, मळमळतं म्हणतात. आणि संडासला खडा होतो." चार-चार दिवस पोट साफ नाही, कुंथून कुंथून रक्त यायला लागतं, सातव्या महिन्यात मूळव्याध. हे कुणाला सांगायचं? सासऱ्यांसमोर? नवऱ्याला? डॉक्टरसाहेबांच्या खोलीत पाच माणसं उभी असताना? मग ती गुपचूप गोळी बंद करते. पाकीट उकिरड्यावर, आणि कार्डावर मात्र "गोळ्या दिल्या" अशी टिकली.

आता यात तिचा दोष किती ते बघा. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढतं, त्यामुळे आतड्याची हालचाल मंदावते. मळ जास्त वेळ आत राहिला की त्यातलं पाणी शोषलं जातं आणि तो कडक होतो. पुढेपुढे गर्भाशयाचा दाब येतो तो वेगळाच. त्यावर लोहाची गोळी, त्यावर कॅल्शियमची गोळी, दोन्हींनी कोठा जड होतो. म्हणजे हे होणार, हे आधीच माहीत असतं. तरी गोळी देताना एक वाक्य सांगितलं जात नाही.

आणि आम्ही तिला सांगतो, पाणी भरपूर पी. पाणी प्यायली तर जाणार कुठे? एसटी स्टँडवरचं महिलांचं शौचालय कुलूपबंद, नाहीतर आत पाऊल ठेवण्याजोगं नाही. रानात खुरपायला गेलेल्या बाईला आडोसा नाही. ऊसतोडीच्या कोप्यांवर तर पहाटे उजाडायच्या आत उरकायचं, नाहीतर अंधार पडेपर्यंत दाबून धरायचं. कळ आली तेव्हा न जाता दाबून धरणं हेच बद्धकोष्ठतेचं एक मोठं कारण आहे. म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. गावात संडास बांधलेत, मान्य, पण पाण्याची टाकी कोरडी असेल तर त्या संडासात लाकडं भरली जातात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

बरं, आता कामाचं. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्रास होत असेल तर सिस्टरला किंवा डॉक्टरला स्पष्ट सांगा. गोळीची वेळ बदलता येते, दुसऱ्या प्रकारचं लोह देता येतं. गोळी चहासोबत घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीही तिच्यासोबत नको, मध्ये दोन-तीन तास जाऊ द्या. गोळीने शौचाचा रंग काळपट होतो, त्याला घाबरायचं कारण नाही.

जेवणात ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, मोड आलेली मटकी, पेरू, भिजवलेल्या मनुका. (पपईवरून सासू-सुनेत भांडण नको, पेरू आहे की.) दिवसभर थोडं थोडं पाणी, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर रोज थोडं चालणं, आणि सकाळी खाल्ल्यावर कळ आली की लगेच जाणं, घरातली कामं थांबतील. कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट घ्या, कुंथावं लागत नाही.

एवढ्यानं भागलं नाही तर इसबगोल आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ सालीच सांगितलंय की आहार बदलून फरक पडला नाही तर गरोदर बाईला कोंडा किंवा असं तंतुमय पूरक द्यावं. मात्र इसबगोल भरपूर पाण्यासोबतच घ्यायचं, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. त्यानेही नाही झालं तर डॉक्टर लॅक्टुलोजचं औषध देतात, गरोदरपणात ते चालतं.

एरंडेल मात्र अजिबात नको. आजीने दिलं तरी नको. त्याने कळा सुरू होऊ शकतात. टीव्हीवरची "एका रात्रीत पोट साफ" चूर्णं, सोनामुखी, घरी एनिमा, हे डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही. आणि पोटात जोराची कळ, राहून राहून पोट कडक होणं, उलट्या, ताप, वारासुद्धा न सरणं, अंगावरून किंवा शौचातून रक्त जाणं, यातलं काहीही झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा.

माझं म्हणणं एवढंच आहे की लाल गोळीच्या पाकिटासोबत इसबगोलचं पाकीटही उपकेंद्रात मिळायला पाहिजे. ते राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, काही महागडं औषध नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी होते, तिथे वजन, बीपीसोबत "पोट साफ होतं का?" हा प्रश्न पडद्याआड, सिस्टरने विचारायला हवा. आणि ग्रामसभेत गटारी आणि पेव्हर ब्लॉकवर दोन तास जातात, त्यातली दहा मिनिटं शाळा, अंगणवाडी आणि स्टँडवरच्या संडासच्या पाण्याला द्या.

येत्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. ज्या बायांना सही करायची असेल त्यांनी मेसेज करा, कमेंटमध्ये नाव लिहायची गरज नाही.