जागल्याचा माग आणि कॅमेऱ्याचा डोळा

जयपूरच्या उत्तरेस, सीकरच्या वाटेवर, नाथावत ठाकुरांची चौमूं येथील जी गढी उभी आहे, तिच्या बुरुजांवरून पूर्वी होणारी टेहळणी आणि आज शहरोशहरी भिंतीवर सीसीटीव्हीची पाटी ठोकून होणारी टेहळणी, यांत मला खरा भेद दिसतो तो जबाबदारीचा. तशी जबाबदारी आमच्या महाराष्ट्रातील गावांतही होती. पेशवाई बुडाल्यानंतर या मुलखाचा अहवाल लिहिताना इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने नमूद केले आहे की, चोरी झाली म्हणजे जागल्याने, अर्थात गावच्या राखणदाराने, पावलांचा माग काढीत तो शेजारच्या शिवेस पोहोचवावा, आणि तेथून पुढील तपासाची जोखीम त्या गावाच्या माथी यावी, असा रिवाज होता. या रिवाजाचे गोडवे मी गात नाही. वतनाच्या नावाखाली महारांवर लादलेली ती वेठच होती, जिच्याविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले आणि जी कायद्याने मोडण्यास १९५८ साल उजाडले. परंतु वेठ गेली, हे जितके इष्ट, तितकेच उत्तरदायित्वही तिच्याबरोबर जावे, हे अनिष्ट. खाजगी सुरक्षारक्षकांसाठी महाराष्ट्राने १९८१ साली कायदा केला खरा. तरीही तुटपुंज्या पगारावर रात्रपाळी करणाऱ्या वॉचमनला दूर सारून कॅमेऱ्यावर विसंबणाऱ्या गृहसंस्थांनी, चित्रफीत कोण पाहणार आणि चोरी झाल्यास जाब कोण देणार, हे त्याच पाटीवर नावानिशी लिहावे.