शिगेचा हिशेब
दशमान वजनमापांचा कायदा 1956 साली झाला आणि यथावकाश त्याचा अंमल बाजारपेठांतून जारी होऊन शेर, पायली ही नावे सरकारी दफ्तरांतून खारीज झाली, तरी निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली आणि पायली अशी पायरीपायरीने दुप्पट होत जाणारी मापांची उतरंड ज्यांच्या कानांवर बालपणी पडली, त्यांना दहाने गुणण्याची सुलभता (ती आहेच, याविषयी माझा वाद नाही) काहीशी नीरस वाटते. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापास ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणावयाचे आणि शेराच्या काठावर शीग उभी राहून दाणे ओघळू लागले म्हणजेच हात आवरावयाचा, असा शिरस्ता होता. या शिगेचे लिटर कोणत्याही कोष्टकात सापडावयाचे नाहीत, कारण ती दाण्याच्या जातीवर आणि मापाऱ्याच्या हातावर अवलंबून असे. त्यातून मण कोठे बारा पायल्यांचा, कोठे सोळांचा, आणि खंडी तर मणांवरूनच मोजावयाची. तेव्हा जुन्या खतपत्रात ‘खंडीभर भात’ असे वाचून लिटरांचा हिशेब मांडू पाहणाऱ्या वाचकाने आधी तो कागद कोणत्या तालुक्यातला, हे पाहावे.