रोजा, राग आणि मनावरचा ताण

संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास बाजारपेठेत थोडा वेळ उभे राहून पाहावे. खजूर, टरबूज, भज्यांच्या गाड्यांभोवती गर्दी, हॉर्नचा गोंगाट आणि इफ्तारला घरी पोहोचण्याची घाई. कुणाचा तरी धक्का लागतो, आवाज चढतात. मग शेजारचा एखादा समजुतीने म्हणतो, "जाऊ द्या, रोजा लागलाय त्याला." शिकवण मात्र नेमकी उलट आहे. कुणी भांडायला आला, तर आपण रोज्याने आहोत एवढे सांगून बाजूला व्हावे, असे हदीसमध्ये सांगितले आहे.

ही चिडचिड येते कुठून? सहरी आणि तरावीहच्या नमाजमुळे झोप तुटते, चहाची सवय असलेल्याचे डोके दुपारी ठणकते. त्यात ईदचा खर्च, पोरांचे कपडे, उधारी. हान्स सेली या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये दाखवून दिले, की संकट कोणतेही असो, शरीराचा प्रतिसाद बराचसा सारखाच असतो. आधी धोक्याची घंटा वाजते, मग शरीर नेटाने तोंड देते आणि ताण हटलाच नाही तर शेवटी थकून जाते. घंटा वाजली की अॅड्रिनलिन, कॉर्टिसोल ही संप्रेरके वाढतात, छाती धडधडते, रक्तातली साखर चढते. घटकाभरासाठी हे उपयोगीच. पण महिनोन्‌महिने तसेच चालले, तर रक्तदाब, निद्रानाश, पोटाच्या तक्रारी आणि हृदयविकाराचा धोका मागे लागतो.

पुढे रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात वेगळा मुद्दा मांडला. ताण प्रसंगात जितका असतो, तितकाच तो प्रसंग आपण कसा जोखतो यात असतो. मन दोन प्रश्न विचारते: यात मला धोका किती? आणि तोंड द्यायला माझ्याजवळ काय आहे? "मी रोज्याने आहे" असे म्हणून घेतलेली ती क्षणभराची उसंत याच जोखण्याला वेळ देते. एकादशीचा उपवास करणारे माझे शेजारीही संयमाची हीच तालीम करतात.

पण दुसरा प्रश्न केवळ मनाचा नाही. गेली काही वर्षे रमजान आणि बारावीची परीक्षा एकत्र येत आहेत. अकराच्या पेपरला वर्गात येणारी कितीतरी मुलगी पहाटे साडेतीनला उठून घरासाठी सहरी करून आलेली असते. पेपर देऊन गेली की पुन्हा इफ्तारची तयारी. तिला "सब्र कर" म्हणणे सोपे आहे. तिच्या भावाने भांडी घासली, तर तिचा ताण खरोखर कमी होईल. आई, सासू, सून यांचेही तेच. इबादतीचा महिना सर्वांचा आणि चूल मात्र एकीची, हे बरोबर नाही.

ताणाशी दोन हात करण्याचे दोन मार्ग याच संशोधकांनी सांगितले. एक, अडचणच सोडवणे. दुसरा, अडचण सुटण्यासारखी नसेल तेव्हा भावना सावरणे. दोन्ही लागतात. एकाने पैगंबर साहेबांना विचारले होते, उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू, की मोकळा सोडून? आधी बांध, मग भरवसा ठेव, असे उत्तर त्याला मिळाले. अभ्यासाचे वेळापत्रक, ईदच्या खर्चाची आधीच केलेली वही, घरकामाची वाटणी हे उंट बांधणे. नमाज, जिक्र, एकाच दस्तरखानावरची सर्वांची इफ्तार हा मनाचा आधार.

आमच्या समाजात एक गोष्ट मात्र उघडपणे बोलायला हवी. कुणाला महिनोन्‌महिने उदास वाटते, झोप येत नाही, जगणे नकोसे होते, तेव्हा आम्ही म्हणतो, "इमान कमजोर झाले आहे." आधीच खचलेल्या माणसावर हे अपराधाचे ओझे. श्रद्धा माणसाला सावरते, तशी "ही देवाची शिक्षा आहे" या समजुतीने तो अधिक खचतोही, हे धर्म आणि मन यांच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. हजारेक वर्षांपूर्वी अबू जैद अल्‌-बल्खी या मुस्लिम विद्वानाने शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. कारण असलेले दुःख वेगळे आणि कारण न सापडणारे वेगळे, हे त्याने ओळखले होते. दुसऱ्या प्रकारात शरीरावरही इलाज करावा, असे त्याचे म्हणणे. तो वारसा आमचाच आहे, तो आम्ही विसरलो.

म्हणून एक कळकळीची विनंती. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या रोज्यासाठी स्वतःहून बंद करू नका. बऱ्याच गोळ्यांच्या वेळा डॉक्टर सहरी-इफ्तारप्रमाणे बदलून देऊ शकतात. जिथे ते शक्य नाही, तिथे आजाऱ्याला कुरआननेच सवलत दिली आहे. राहिलेले रोजे नंतर धरता येतात. ती सवलत घेण्यात कमीपणा नाही. डॉक्टरकडे जायला संकोच वाटत असेल, तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे दिवसरात्र मोफत आणि मराठीतून बोलता येते.

आज इफ्तारला बसाल, तेव्हा दस्तरखानावर कोण गप्प गप्प आहे, तेवढे पाहा. खजूर पुढे करताना त्याला विचारा, "बरा आहेस ना?" आणि उत्तर ऐकायला थांबा.