आधी छाटा, मग वाढवा
धारणीच्या लग्नसराईत डीजेवाल्याची कर्तबगारी ठरते ती वरातीच्या रस्त्यावरची तावदानं किती थरथरली यावर. कानांचा हिशेब वेगळा असतो. डीजेच्या संचातल्या क्रॉसओव्हरचं काम आवाजाच्या वाटणीचं: साधारण १०० हर्ट्झखालचा आवाज सबवूफरला, मधला मधल्या स्पीकरला, वरचा भोंग्याला. वाटणी चुकली आणि बेसचा भार भोंग्याच्या नाजूक पडद्यावर आला, की तो फाटतो नाहीतर जळतो. माइकला खालचा आवाज अडवणारा हाय-पास फिल्टर लावला, तर वाऱ्याची घरघर तिथंच अडते. आवाजाचा एकेक पट्टा कमी-जास्त करणाऱ्या इक्वलायझरवर मात्र बहुतेकांचा हात वरच जातो. दोन्ही टोकांची बटणं चढवायची, मधली पाडायची! पण शब्द स्पष्ट कळतात ते मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यामुळे. तोच पाडला तर आहेराची नावं कोणाला कळणार? पत्र्याच्या मंडपात आवाज २५० हर्ट्झच्या आसपास घुमत असेल, तर तेवढाच कमी करावा; माइक ज्या सुरात शिट्टी मारतो, तोच सूर छाटावा. होळीला इथल्या कोरकू आदिवासींच्या ढोलासोबत बासरी वाजते. बेस फुगवला की पहिली बुडते ती बासरी. आणि रात्री १० नंतरचं सेटिंग? ते एरवी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीच करून ठेवलंय: बंद!