हात पोहोचत नाही म्हणून गार्ड काढू नका



सोयाबीन निघालं, हरभऱ्यासाठी रान तयार करायची घाई सगळीकडं सुरू आहे. परवा तालुक्याला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मुद्दाम बघत गेलो. आठ रोटाव्हेटर चालू दिसले. त्यातल्या सहांच्या पीटीओ शाफ्टवर गार्ड नव्हता. दोघांना थांबून विचारलं. उत्तर एकच, "ग्रीस मारायला आडवा येतो, म्हणून काढला."

त्यांना मी बोललो नाही काही. कारण काही वर्षांपूर्वी हेच उत्तर मी स्वतः देत होतो.

आधी यंत्राचं बोलू. पीटीओ मिनिटाला 540 फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ती ताकद रोटाव्हेटरपर्यंत नेणाऱ्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असतो. क्रॉसला चार हात, प्रत्येक हातावर एक कप आणि कपाच्या आत सुईसारखे बारीक रोलर. मधोमध ग्रीसचा एक निप्पल. तिथून दाबलेला ग्रीस चारही हातांत जातो. जीपच्या प्रॉपेलर शाफ्टला हाच क्रॉस असतो, फोर व्हील ट्रॅक्टरच्या पुढच्या शाफ्टलाही बऱ्याच ठिकाणी हाच. जीपला गाडीखाली पाठीवर झोपावं लागतं, रोटाव्हेटरला गार्डच्या आत हात घालावा लागतो. आणि निप्पल नेमका पलीकडच्या बाजूला थांबलेला असतो. गन तिरकी लावली की ग्रीस बाहेरच सांडतो आणि माणूस म्हणतो, जाऊ दे, उद्या बघू.

हा "उद्या" महाग पडतो. शाफ्ट तिरका चालतो तेव्हा कपातल्या सुया गोल फिरत नाहीत, जागच्या जागी मागंपुढं होतात. त्याच जागी घासतात. ग्रीस हळूहळू बाजूला सरतो, सील कडक झालं असेल तर धूळही आत जाते. म्हणून साध्या शाफ्टला आठ-दहा तासांच्या कामाला एकदा ग्रीस लागतो. हंगामात आपण दिवसाला बारा तास चालवतो. म्हणजे हे रोजचं काम झालं, आठवड्याचं नव्हे. (तुमच्या शाफ्टच्या पुस्तकात वेगळे तास दिले असतील तर ते पाळा.)

कपाच्या तोंडाशी लालसर भुकटी दिसली की समजायचं, आत कोरडं पडलंय. पीटीओ जोडताना खाडकन आवाज आला की समजायचं, क्रॉस ढिला झालाय. त्याच्यापुढं क्रॉस तुटतो, सोबत योक घेऊन जातो, आणि वाफसा निघून जातो.

आता माझी चूक सांगतो.

रोटाव्हेटर नवा होता. पहिल्या हंगामात गार्ड मागं सारून ग्रीस मारायचो. दुसऱ्या हंगामात पुतण्या म्हणाला, "काका, रोज रोज हे कोण करणार? काढूनच टाकू ना." मी म्हणालो, "टाक काढून." दोन शब्द. गार्ड गोठ्याच्या पत्र्यावर जाऊन पडला. आणि खरं सांगतो, ग्रीस मारायला सोपं झालं. दोन मिनिटांत काम व्हायचं. आपण फार शहाणपणा केला असंच मला वाटत होतं.

पुढच्याच महिन्यात रोटाव्हेटरमध्ये भुसकट गुंतलं. पुतण्या पीटीओ बंद न करता खाली उतरला आणि शाफ्टजवळ वाकला. योकची लॉकपिन थोडी बाहेर असते, तिच्यात सदऱ्याचं टोक अडकलं. मी बांधावर होतो. ओरडायलाही वेळ मिळाला नाही. सदरा जुना होता, विरलेला होता, टर्रकन फाटून अंगावरून निघून गेला. कोपराजवळ हात मोडला, पाठीची सालटी निघाली. सदरा नवा असता तर आज मी हे लिहीत बसलो नसतो.

वहिनी मला एक शब्द बोलल्या नाहीत. दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसून राहिल्या फक्त. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. चालू यंत्राजवळ गेला ही पोराची चूक होतीच. पण एका चुकीत जीव जाऊ नये म्हणून तर गार्ड असतो, आणि तो काढायला हो म्हणणारा मी होतो.

म्हणून माझं मत सरळ आहे. ग्रीस आणि गार्ड यातलं एक निवडायचं नसतंच. दोन्ही होतं. मी आता करतो ते असं:

1. ट्रॅक्टर बंद, पीटीओ न्यूट्रल, चावी खिशात. रोटाव्हेटर उचलून भक्कम लाकडी ठोकळ्यांवर टेकवायचा, नुसत्या हायड्रॉलिकवर लटकत ठेवायचा नाही. पाती मोकळी राहिली की शाफ्ट हातानं फिरवून निप्पल समोर आणता येतो.

2. निप्पलच्या रेषेत योकच्या दिसणाऱ्या भागावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. मग शोधत बसावं लागत नाही.

3. गनला लोखंडी नळीऐवजी फूटभर लवचिक पाइप लावा. जिथं तोंड बसतच नाही तिथं बारीक टोकाचं नोझल वापरा. गनचा दाब फार असतो, टोकापुढं बोट धरू नका. ग्रीस कातडीत घुसला तर जखम बारीक दिसते, पण लगेच दवाखाना गाठावा लागतो.

4. निप्पल आधी चिंधीनं पुसा, नाहीतर ग्रीसच्या आधी माती आत जाते.

5. चारही कपांतून थोडा ग्रीस डोकावेपर्यंत दाबा. एखाद्यातून येत नसेल तर पिन दाबून शाफ्ट ट्रॅक्टरकडून सोडवा, जोड हातानं सगळीकडं वाकवा, पुन्हा दाबा. तरीही नाही आला तर क्रॉस मिस्त्रीला दाखवा.

6. आत-बाहेर सरकणाऱ्या नळीलाही ग्रीस लावा. लिथियमचा दोन नंबरचा ईपी ग्रीस चालतो. दोन जातींचे ग्रीस मिसळू नका.

सवय झाली की सगळं मिळून दहा-बारा मिनिटं लागतात. डबा भरतो तेवढ्या वेळात होतं.

काही जण म्हणतील, गार्ड आठवड्यात फुटतोच, ठेवून काय उपयोग? तो का फुटतो ते बघा. गार्ड शाफ्टवर ज्या प्लास्टिकच्या कड्यावर बसतो, ते कडंही ग्रीस मागतं. ते कोरडं पडलं की गार्ड शाफ्टबरोबर फिरायला लागतो, साखळी तुटते, मग गार्ड कशाला तरी आपटून फुटतो. म्हणजे गार्डही ग्रीसवाचूनच मरतो. साखळी बांधा, कड्याला ग्रीस द्या.

आता थोडं दुसऱ्या बाजूनं. सगळा दोष शेतकऱ्याचा नाही. ज्या जागी रोज ग्रीस द्यायचा ती जागा झाकायची आणि वर झाकण काढू नका म्हणायचं, हे बसून आखणाऱ्याचं काम झालं. काही शाफ्टच्या गार्डला ग्रीससाठी भोक ठेवलेलं मी पाहिलंय. तेवढं सगळ्यांना का जमत नाही? विकणाऱ्यानं रोटाव्हेटर दारात सोडताना पेढे घेण्याआधी एकदा गार्ड मागं सारून, ग्रीस मारून दाखवावा. पुस्तक हातात देऊन भागत नाही.

मळणीयंत्रात माणसांचे हात जायला लागले तेव्हा 1983 साली धोकादायक यंत्रांचा कायदा आला. उघड्या शाफ्टसाठी आपण कशाची वाट बघतोय? कृषी सहायक आणि विज्ञान केंद्रातल्या साहेबांनाही विनंती आहे. प्रात्यक्षिकात पात्यांची खोली दाखवता, तशी पाच मिनिटं ग्रीसची पण दाखवा.

भाड्यानं रोटाव्हेटर चालवणाऱ्या मालकांना शेवटचं सांगतो. ड्रायव्हरला एकराच्या हिशोबानं पैसे देता. त्यात ग्रीसचा वेळ कुठं आहे? तो वेळ तुम्ही दिला नाही तर तो गार्डच काढणार. ग्रीसच्या त्या दहा मिनिटांचे पैसे धरा.

पुतण्याचा हात बरा झाला, पण कोपर अजून पूर्ण सरळ होत नाही. गार्ड मी पत्र्यावरून काढून पुन्हा बसवला. रोज संध्याकाळी ग्रीस मारायचं काम आता माझं आहे, दुसऱ्याला सांगत नाही.