आधी क्रमांक, मग नाव

मॉरिशसला १८३४ पासून आलेल्या करारबद्ध भारतीय मजुरांची संख्या साडेचार लाखांच्या घरात जाते. मुंबई बंदरातून निघालेले, रत्नागिरी-सावंतवाडीकडचे मराठी मजूरही त्यांत होते. बेटावर उतरताच प्रत्येकाला एक क्रमांक मिळे आणि नोंदवहीत नाव, वडिलांचे नाव, वय, उंची, जात, गाव, जहाज असे लिहिले जाई. या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत.

वंशावळ शोधताना पूर्वजाचे कागद एकमेकांशी जुळले नाहीत की ज्या बाजूला जास्त कागद ती खरी मानायची, असा प्रघात आहे. तो चुकीचा आहे. नंतरचे कागद पुष्कळदा आधीच्या कागदावरूनच उतरवलेले असतात. एकच चूक तीनदा लिहिली म्हणून तिचे तीन पुरावे होत नाहीत. माहिती कोणी दिली आणि त्याला ती कशी ठाऊक, हे प्रत्येक रकान्यापुरते वेगळे पाहावे लागते. मृत्यूच्या दाखल्यावरील तारीख भक्कम असते. त्यावरचे मृताच्या वडिलांचे नाव मात्र एखाद्या शेजाऱ्याने ऐकीव सांगितलेले असू शकते. वय तर बहुधा अंदाजानेच घातलेले. चार-पाच वर्षांच्या फरकावरून माणूस वेगळा ठरवू नये.

नावांचा गोंधळ सर्वांत मोठा. कारकून कानाला आले तसे रोमन लिपीत लिहीत, आणि बापाचे नाव पुढच्या पिढीचे आडनाव होऊन बसे. धार्मिक विधीने लागलेले लग्न सरकारदरबारी नोंदले नसेल, तर मुले आईच्या नावावर लागत. म्हणून नावाआधी क्रमांक जुळवावा. मायदेशी जाऊन परतलेल्याला नवा क्रमांक मिळालेला असू शकतो. तिथे वडिलांचे नाव, गाव, उंची आणि अंगावरील खूण एकत्र ताडून पाहावी.

गावाच्या बाबतीत काही विसंगती केवळ भासमान असतात. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला. त्यापूर्वी मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच होते. सावंतवाडी मात्र मजूर गेले त्या काळी वेगळे संस्थान होते, त्यामुळे तो फरक खरा असू शकतो. ‘मुंबई’ एवढेच लिहिले असेल तर ते अनेकदा निघण्याचे बंदर असते, गाव नव्हे.

एवढे करूनही निकाल लागला नाही, तर वंशावळीत दोन्ही नोंदी कारणासह ठेवाव्यात. सोयीची ठेवून दुसरी खोडणे हा पूर्वजावर अन्याय आहे. घरातल्या जुन्या पासवर (मजुराच्या ओळखपत्रावर) किंवा लग्नाच्या दाखल्यावर पूर्वजाचा क्रमांक असेल, तर तो प्रत्येक कुटुंबाने आजच उतरवून ठेवावा.