ग्राफिक्स कार्ड स्वस्त कुठं? आधी हिशोब सारखा करा!

सेलचा बॅनर झळकला की भंडारा, तुमसर, साकोलीच्या गेमर ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, ‘भाऊ, कार्ड कुठं स्वस्त भेटते?’ लगेच तीन स्क्रीनशॉट येतात आणि सगळ्यात लहान आकडा जिंकतो. गडबड इथंच होते. एका आकड्यात टॅक्स धरलेला असतो, दुसऱ्यात नसतो, तिसरा फक्त ठरावीक बँकेच्या कार्डवाल्यांसाठी असतो.

आपल्याकडे यातला बराचसा पैसा धानातून येतो. 2025-26 च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये होता. म्हणजे 30 हजारांचं कार्ड जवळपास 13 क्विंटल धानाचं. घरी एवढे पैसे मागणार असाल तर हिशोब पक्का हवा.

भाव का हलतायत?

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले. एसी आणि मोठे टीव्ही 28 वरून 18 टक्क्यांवर आले. ग्राफिक्स कार्ड मात्र आधीही 18 टक्क्यांतच होतं आणि तिथंच राहिलं. त्यामुळे कार्डावर ‘जीएसटी कपातीची ऑफर’ दिसली तर दोनदा वाचा.

दुसरीकडे एआयच्या डेटा सेंटर्सना प्रचंड मेमरी लागतेय. 3 डिसेंबर 2025 ला मायक्रॉन कंपनीनं ‘क्रुशियल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा मेमरी ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. कार्डावरही मेमरीच्या चिप असतात, म्हणून ती महागली की कार्डाचा खर्चही वाढतो. अशा काळात मागच्या महिन्याचा स्क्रीनशॉट कामाचा नाही. तुलना एकाच दिवसाच्या भावांची करा.

नाव एक, माल वेगळा

आरटीएक्स 3050 चंच बघा. 2022 मध्ये आलेल्या 8 जीबी कार्डात 2,560 कोअर आहेत. 2024 च्या 6 जीबीवाल्यात 2,304 कोअर, आणि मेमरीचा रस्ताही 128 ऐवजी 96 बिटचा. नाव तेच, पण वेग कमी. आरटीएक्स 5060 टीआयचे 8 जीबी आणि 16 जीबी हे दोन प्रकार तर लाँचलाच 379 आणि 429 डॉलरचे होते. म्हणून शोधताना कंपनी, पूर्ण मॉडेल नंबर आणि मेमरी तिन्ही जुळवा.

घरपोच किंमत काढा

समजा, एकच कार्ड तीन ठिकाणी आहे. पहिल्या साइटवर 23,500 रुपये, पण खाली बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’. 18 टक्के धरले की 27,730. डिलिव्हरीचे 300, वर कार्डनं पैसे भरण्याचे 2 टक्के. झाले 28,591. दुसऱ्या साइटवर 28,999. तिथली 1,500 ची सूट ज्या क्रेडिट कार्डवर आहे ते तुमच्याकडे नाही, म्हणजे तुमच्यासाठी किंमत 28,999 च. नागपूरच्या दुकानात 28,400, जाण्यायेण्याचे 300, एकूण 28,700. सुरुवातीला साडेपाच हजारांचा दिसणारा फरक शेवटी चारशेच्या आसपास उरला.

‘नो कॉस्ट ईएमआय’ घेणार असाल तर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा 18 टक्के जीएसटीही मिळवा. नव्या कार्डासाठी पॉवर सप्लाय बदलावा लागणार असेल, तर तोही याच हिशोबात.

अमेरिकेतला आकडा दाखवून ‘इकडे लूट आहे’ म्हणणाऱ्यांसाठीही एक गणित. तिथल्या छापील किमतीत विक्रीकर नसतो. 299 डॉलरचं कार्ड 90 रुपयांनी 26,910 चं होतं. आपला 18 टक्के जीएसटी लावला की 31,754. तुलना करायची तर या आकड्याशी करा.

किलोचा भाव विचारा

भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. पितळेची परात घेताना आपण किलोचा भाव विचारतो. कार्डाचा किलो म्हणजे फ्रेम्स. समजा, 28,000 चं कार्ड तुमच्या गेममध्ये 70 फ्रेम देतं, तर एक फ्रेम 400 रुपयांना पडली. 33,000 चं 88 फ्रेम देत असेल तर 375 ला. महागडं कार्ड इथं स्वस्त ठरतं, अर्थात तेवढे जास्तीचे फ्रेम तुम्हाला हवे असतील तरच.

फ्रेम्स मात्र खऱ्या मोजा. जानेवारी 2025 मध्ये एनव्हिडियानं 549 डॉलरचं 5070 हे 4090 च्या तोडीचं असल्याचं सांगितलं, पण त्यात एआयनं बनवलेले फ्रेम धरले होते. दोन्ही कार्डांची चाचणी एकाच गेमची, एकाच रिझोल्यूशनची आणि एकाच सेटिंगवरची असू द्या. व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडीचं काम असेल तर मेमरीला जास्त वजन द्या.

बिल सांभाळा, हक्क वापरा

दोन हजार कमी करून बिनबिलाचं कार्ड देणारे भेटतात. ते बिघडलं की वॉरंटी कुणाकडे मागणार? सीरियल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल घ्या. सर्व्हिस सेंटर नागपूरला आहे की कार्ड मुंबईला कुरिअर करावं लागेल, हेही आधीच विचारा.

2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्यानं सगळे आकार धरून एकूण किंमत दाखवायला हवी. शेवटच्या पानावर हळूच चार्जेस जोडणं किंवा ‘फक्त 2 शिल्लक’ अशी खोटी घाई करणं हे प्रकार 30 नोव्हेंबर 2023 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार बंद आहेत. फसवणूक झाली तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. 2019 च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. विक्रेता बंगळुरूचा असला तरी केस भंडाऱ्याच्या ग्राहक आयोगात चालू शकते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी लागत नाही.

पुढचा सेल आला की ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकण्याआधी एक कागद घ्या. मॉडेल नंबर, घरपोच किंमत, फ्रेममागे रुपये आणि वॉरंटी असे चार रकाने आखा. बाबांसमोर तोच कागद ठेवता येईल.